सरावलेली अळी

कीटकांविषयीचे माझे ज्ञान परवापरवापर्यंत निव्वळ वाङ्मयीन होते. मुंगी म्हटले की मला मुक्ताबाई आठवायची, भ्रमर म्हटले की कमळ आणि पतंग म्हटले की दीपज्योत. यांपैकी एखादा जीव वाङ्मयातून निसटून प्रत्यक्ष माझ्या सदऱ्यावर येऊन बसला, की मी मात्र "अगं, झाडू आण!" असे ओरडून एकदम गद्यावर येत असे. बुलढाण्यासारख्या गावात मराठीच्या प्राध्यापकाला याहून अधिक कीटकशास्त्र लागतही नाही. पण माझ्या पुतणीने अमरावतीला एम.एस्सी.साठी प्राणिशास्त्र घेतले, त्यातही कीटकांचे प्रजनन आणि उत्क्रांती या विषयात स्वतःला गाडून घेतले, आणि माझ्या शेहेचाळीस वर्षांच्या शांततेचा भंग झाला.

पुतणी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. आमचे मूळ गाव घाटाखाली, मोताळा तालुक्यात. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की हवा तापते, माती काळी होते आणि कापसाचे राज्य सुरू होते. दादा तिथे शेती करतो आणि मी घाटावर बसून ज्ञानदान करतो. (‘ज्ञानदान’ हा शब्द दादाचा. तो उच्चारताना त्याच्या मिशीत जे हसू दडते, त्याकडे मी दुर्लक्ष करतो.) पदवीची तीन वर्षे पोरगी आमच्याकडे राहून शिकली, त्यामुळे अजूनही सुटीत वाट वाकडी करून ती आधी घाट चढते, दोन दिवस काकूच्या हातचे खाते आणि मग गावी जाते. तिच्या सामानात काचेच्या नळ्या, चिमटे, ब्लेड आणि मिठाईचा एक जुना डबा असतो. हा डबा आमच्या सौभाग्यवतींनी एकदा मोठ्या आशेने उघडला होता. आत हिरवी बोंडे होती आणि बोंडांवर अळ्या फिरत होत्या. तेव्हापासून आमच्या घरात मिठाईचा डबा कोणीही आणो, झाकण उघडण्याचा मान माझ्याकडे असतो.

तिचा विषय लोकांना सांगणे ही आमच्या कुटुंबापुढची एक अडचणच आहे. "किड्यायची लग्नं शिकते," असे दादा सांगतो आणि मोकळा होतो. वहिनींना ते जमत नाही. गेल्या उन्हाळ्यात खामगावची मंडळी मुलगी पाहायला आली होती. मुलाच्या आईने कौतुकाने विचारले, "एम.एस्सी. कशात म्हणायची?" पोरीने डोळे न झुकवता सांगितले, "कीटकांचं प्रजनन आणि उत्क्रांती." त्या बाईंची कपबशी ओठांपाशी नेमकी कशी थबकली, हे वहिनी अजून अभिनयासह सांगतात. स्थळ मोडले नाही, पण "पुढचं शिक्षण इथंच थांबणार ना?" असा निरोप मात्र मागाहून आला. पोरीला तर पुढे पीएच.डी. करायची आहे. तिला समजावण्याचे काम अर्थातच ज्ञानदान करणाऱ्या काकांवर आले.

मी समजावणार होतोही. पण त्याआधी कुंभारीण आडवी आली.

माझ्या लिहिण्याच्या टेबलावरच्या खिडकीच्या चौकटीला एका कुंभारीण माशीने मातीचे सुरेख मडके केले होते. सुपारीएवढे गोल आणि त्याला वर निमुळता गळा. मी मोठ्या प्रेमाने पोरीला ते दाखवले आणि माझा आवडता पाठ सुरू केला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यातला शेवटचा गुरू ही कुंभारीण. ती अळीला पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते, आणि ती अळी भीतीने रात्रंदिवस कुंभारणीचे ध्यान करता करता स्वतःच कुंभारीण होते. यालाच कीटभृंगन्याय म्हणतात. नाथांनी या स्कंधावरची आपली टीका १५७३ साली काशीत पुरी केली, आणि गेली वीस वर्षे मी ती एम.ए.च्या वर्गाला शिकवतो आहे. या दृष्टांतापाशी माझा आवाज थोडा भरून येतो, असे विद्यार्थी म्हणतात.

पोरीने सगळे अदबीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, फोडू?"

मी नको म्हणायच्या आत ब्लेड निघाले होते. मडक्याची एक बाजू तिने अशी अलगद कापली, की आमच्या सौभाग्यवतींनी पाकळीसुद्धा मोडू न देता करंजी उचलावी. आत पाच-सहा हिरव्या अळ्या दाटीवाटीने कोंबलेल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या, चिमट्याने डिवचले की किंचित हलत. आणि मडक्याच्या छताला एका बारीक तंतूने टांगलेले पांढुरके अंडे होते.

"काका, या अळीची माशी होत नाही. या अळीचं जेवण होतं."

मग तिने सांगितले ते असे. कुंभारीण रिकाम्या मडक्यात आधी अंडे टांगते. मग अळ्या शोधून त्यांना डंख मारते. तो डंख मारण्यासाठी नसतो, लुळे करण्यासाठी असतो. मेलेली अळी सडेल, लुळी अळी ताजी राहते. मडके भरले की तोंड लिंपून ती निघून जाते. अंड्यातून निघालेले पिल्लू पुरवून पुरवून हा शिधा खाते, कोश करते आणि एक दिवस भिंत फोडून नवी कुंभारीण बाहेर येते. फ्रान्समध्ये फाब्र नावाच्या एका शाळामास्तराने मडक्याला अशीच खिडकी पाडून हा सारा संसार एकोणिसाव्या शतकातच पाहून ठेवला होता. त्याच्या आधी डार्विनने १८६० साली अमेरिकेतल्या आसा ग्रे या मित्राला लिहिलेल्या पत्रात अळीच्या जिवंत देहावर पोसणाऱ्या अशाच माश्यांचा दाखला दिला होता. दयाळू ईश्वराने मुद्दाम असे प्राणी घडवले असतील, हे त्याच्या मनाला पटेना.

"आणि गंमत ऐका," पोरगी म्हणाली, "मुलगा हवा की मुलगी, हे हिच्या हातात असतं. नराचं बीज ती पोटात साठवून ठेवते. अंड्याला ते दिलं तर मुलगी, नाही दिलं तर मुलगा. हिच्या मुलाला बाप नसतो काका, पण आईकडून आजोबा असतो!"

स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज आला. आमच्या सौभाग्यवती हसत होत्या.

खरे सांगतो, मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. वीस वर्षांचा भरून आलेला आवाज एका ब्लेडने कापला होता. पण पडल्या पडल्या वाटले, त्या जुन्या पाहणाऱ्याने पाहिले ते काही खोटे नव्हते. अळी आत गेली होती, माशी बाहेर आली होती. मधला अंधार तेवढा त्याने आपल्या मनाप्रमाणे भरून काढला. भक्तीच्या मार्गाला तो दृष्टांत अजूनही पुरतो. मी तो शिकवणे काही सोडणार नाही. या समजुतीवर मी झोपलो, आणि प्रकरण मिटले असे धरून चाललो.

ते मिटले नव्हते. महिन्याभराने ती एक कागद घेऊन आली. तिच्या प्रबंधाचा विषय गुलाबी बोंडअळी, आणि अभ्यासाचे शेत तिच्या बापाचेच. ज्या भागात काम केले तिथल्या शेतकऱ्यांसाठी सोप्या मराठीत एक पत्रक करायचे होते. "काका, भाषा तेवढी पाहा." भाषा पाहायला सांगितले की मी हुरळतो. मी चष्मा पुसला आणि तिच्या चार रुक्ष वाक्यांच्या जागी एक डौलदार वाक्य लिहिले: ‘वर्षानुवर्षे एकच विष पचवून ही अळी त्याला सरावली आहे.’

तिने ते वाचले आणि त्यातल्या ‘पचवून’ व ‘सरावली’ या दोन शब्दांवर लाल रेघ मारली. माझ्या मराठीवर लाल शाई!

"काका, हा पुन्हा तुमचा कीटभृंगन्यायच झाला," ती म्हणाली.

इथे मला आठ वर्षे मागे जायला हवे. २०१७ च्या दिवाळीचे दिवस आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. पऱ्हाटी छातीइतकी वाढलेली, झाड बोंडांनी लगडलेले. दादा खुशीत होता. मग फुले उमलेनाशी झाली. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहात. त्याला डोमकळी म्हणतात. फूल इतके देखणे दिसते, की मी तर त्याचे कौतुक केले होते. पुढे बोंडे फोडून पाहिली. बाहेरून टचटचीत हिरवी, आणि आत सरकी पोखरीत बसलेली गुलाबी अळी. कापूस फुटला तो कवडी होऊन. साऱ्या विदर्भातच तो हाहाकार होता; डिसेंबरात सरकारने पंचनाम्याचे आदेश काढले. दादाने चार फवारण्या जास्तीच्या केल्या होत्या. एकरी आठ-नऊ क्विंटल मोजणाऱ्या माणसाने त्या वर्षी तीन मोजले, आणि संक्रांतीच्या आत गोठ्यातली बैलजोडी गेली. पुन्हा त्या गोठ्यात बैल आला नाही.

पोरगी तेव्हा नववीत होती. बापाशेजारी ओट्यावर बसून बोंडे चिरताना तिने मला विचारले होते, "काका, बोंडाला भोक तर नाही, मग ही आत आली कुठून?" आणि "औषधाच्या झाडावर ही मरत काहून नाही?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. दुसऱ्याचे मी ठोकून दिले होते: "सरावली असेल, बाळ." म्हणजे लाल रेघ आठ वर्षांच्या जुन्या उत्तरावर बसली होती.

पहिल्याचे उत्तर तिने आता स्वतः शोधले आहे. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते. ती कोवळ्या बोंडात शिरते आणि मागे ते छिद्र भरून येते. या किड्याचे शास्त्रीय बारसे १८४३ साली झाले, तेही आपल्याकडच्याच, भडोचच्या कापसावरच्या किड्यावरून. म्हणजे ही पाहुणी नव्हे, घरचीच. तिचा पतंग करड्या रंगाचा, इवलासा, रात्री हिंडणारा. मादी अंधारात एका जागी बसून गंध सोडते आणि नर त्या गंधाच्या वाटेने येतो. १९७३ साली रसायनशास्त्रज्ञांना त्या गंधाची ओळख पटली. आता तो रबराच्या गोळीत भरून शेतात टांगतात आणि बिचारे नर प्लॅस्टिकच्या पिशवीत येऊन पडतात. याला ‘कामगंध सापळा’ म्हणतात. शेतीखात्यातल्या ज्या कोणी रसिकाने हा शब्द केला, त्याला मी मराठीचा प्राध्यापक म्हणून नमस्कार करतो. दादाच्या शेतात असे सापळे लावून पोरगी रोज नर मोजते. माद्या उजेडाच्या सापळ्यात धरते, आणि त्या फाडून त्यांच्या पोटातल्या पुड्या मोजते. प्रत्येक मीलनात नर मादीला बीजाची एक पुडी देतो. जितक्या पुड्या तितकी लग्ने. हा हिशेब तिने मला ताटावर ऐकवला, आणि वहिनींनी भाजीची पळी तशीच धरून ठेवली होती.

पण मुद्दा ‘सरावली’चा होता. दसऱ्याला आम्ही सारे गावी जमलो तेव्हा तिने तो बापासमोर ओट्यावर मांडला. मातीत एक जिवाणू असतो. त्याचा विषाचा गुण कापसाच्या झाडात घालून केलेला तो बीटी कापूस. आपल्या देशात त्याला २००२ साली परवानगी मिळाली, आणि २००६ साली दोन विषांचे वाण आले. झाड खाल्ले की अळी मरते. पण लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी निघते, की तिच्या आतड्यात ते विष धरायला जागा पकडत नाही. ती विष पचवायला शिकत नाही, तिला सवय होत नाही. ती जन्मली तशीच असते.

"अन् बाकीच्या?" दादाने विचारले.

"बाकीच्या मरतात. मेलेल्यांना लेकरं नाहीत. उरलेल्या दोघी-चौघींचीच लग्नं आपसात होतात, आणि पुढचा सारा वंश त्यांचाच. एका हंगामात चार-पाच पिढ्या. सरावणारी एखादी अळी नाही बाबा, जी सरावायला हवी होती ती तर पहिल्याच दिवशी मेली."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. त्याने तंबाखू मळली, ती तशीच हातात राहिली. मग तो म्हणाला, "म्हंजे आई ज्वारीचं करे तसंच. खळ्यातली चांगली कनसं निवडून आढ्याले बांधून ठेवे बिजवाईसाठी. बाकीची दळून खाल्ली." थोडे थांबून तो म्हणाला, "म्हंजे पंधरा वर्सं आपनच या अळीचं बी धरलं म्हन."

पोरीने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहात होतो. कारण दादाला जे आठवत नव्हते, ते मला लख्ख आठवत होते.

२००८ चा जून असेल. मी नुकता नोकरीत कायम झालो होतो आणि पेरणीच्या दिवसांत गावी गेलो होतो. दादाने बियाण्याची पाकिटे पुढे केली: "यात ही दुसरी पुडी कायची? वाच बरं." साडेचारशे ग्रॅम बीटी सरकी आणि सोबत एकशेवीस ग्रॅम साध्या कापसाची पुडी. शेताच्या कडेने साध्या कापसाच्या पाच ओळी, किंवा एकूण पिकाच्या वीस टक्के, यांत जे जास्त ते लावा, असे छापील कागदावर होते. का लावा, ते मला कळले नाही. ज्या सरकीवर अळी पडणार ती मुद्दाम पेरा, असे कोणी शहाणा सांगेल का? मी कागदाची घडी केली आणि एम.ए.च्या अधिकारात म्हणालो, "कागदी नियम आहेत. टाकून दे."

त्या पाच ओळी कशासाठी होत्या, ते मला तिने या दसऱ्याला सांगितले. तिथे साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्या सुखाने वाढाव्यात, त्यांचे पतंग पुष्कळ व्हावेत, आणि बीटीतून जगून निघालेल्या एखाद्या पतंगाला जोडीदार मिळावा तो त्यांच्यातला. अशा जोडप्याची लेकरे बीटीवर पुन्हा मरतात. कारण विषातून वाचण्याचा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. त्या ओळी म्हणजे बाहेरची सोयरीक आणण्यासाठी घातलेला मांडव होता. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो सगळीकडे चरते, म्हणून तिला असा मांडव आपोआप मिळतो. गुलाबी अळी जवळजवळ कापसावरच जगते. तिचा मांडव आम्ही उकिरड्यावर टाकला. २०१० साली गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांतून पहिल्या वाणाचे विष या अळीवर चालत नसल्याची बातमी आली. पुढच्या काही वर्षांत दोन विषांचे वाणही गेले.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी हे मांडव नेमाने लावले, वर किरणांनी वांझ केलेले पतंग विमानातून शेतांवर सोडले. २०१८ साली तिथल्या सरकारने कापसाच्या पट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याचे जाहीर केले. हे ऐकून कोणी आमच्या शेतकऱ्याला नावे ठेवील, तर मला ते मान्य नाही. पाच एकरवाल्याने एक एकर किड्याच्या सोयऱ्यांसाठी सोडायचे, आणि ते का, हे त्याला धड कोणी सांगायचे नाही! पुढे दोन्ही सरकी एकाच पिशवीत मिसळून देऊ लागले, म्हणजे टाकण्याची सोयच उरली नाही. ही अक्कल आधी सुचती तर बरे होते. पण माझ्या हाती कागद होता, तो मराठीत होता, आणि मी मराठीचा प्राध्यापक होतो.

मी धीर करून म्हणालो, "दादा, ती पुडी टाकून द्यायला मीच सांगितलं होतं."

दादाने तंबाखू तोंडात टाकली. "तू सांगतलं म्हनून टाकली व्हय? साऱ्या गावानं टाकली. त्याइले कोनता प्रोफेसर सांगाले गेल्ता?"

पोरगी खो खो हसली. मला हसू आले नाही. आणि खरे सांगायचे तर क्षमा झाल्याच्या समाधानापेक्षा, माझ्या शब्दाला गावात काडीची किंमत नव्हती याचेच थोडे वाईट वाटले. माणसाचा स्वभाव!

रात्री कंदिलाएवढ्या उजेडाच्या दिव्याखाली पत्रक पुरे झाले. त्यात आता ‘सरावली’ नाही. ‘आपणच अळीचे बी धरले’ असे वाक्य आहे, आणि त्याखाली काय करायचे ते: पहिले पाणी झाल्याशिवाय पेरू नका, डोमकळ्या तोडून नष्ट करा, सापळे लावा, आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, चार वेचण्या जास्त मिळतील म्हणून फरदड ठेवू नका, कारण उभ्या पऱ्हाटीत आणि राहिलेल्या सरकीत ही अळी पुढच्या हंगामाची वाट पाहात झोपते. शुद्धलेखन मी तपासले. वाक्यांना हात लावला नाही.

निघताना वहिनींनी मला बाजूला बोलावले. "भाऊजी, तुम्ही बोलणार होते ना तिच्याशी? खामगाववाल्यायचा कालही फोन आला. काय सांगू त्याइले?"

मी काही बोलण्याआधी ओट्यावरून दादाचा आवाज आला. तो मिठाईचा डबा मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर ओढून, एक एक बोंड पोरीच्या हातात देत होता.

"सांग त्याइले, पऱ्हाटी उपटेपर्यंत पोरीले फुरसत नाई. अन् मंग तिची परीक्षा हाय."